बारा ते चारची पाळी

यंदा मार्च संपायच्या आतच पंख्याची हवा गरम यायला लागली. आमच्या नगरचा उन्हाळा (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय त्यामुळे इथे नगरच लिहिणार) म्हणजे कोरडा उन्हाळा, मुंबईसारखी घामाची चिकचिक नाही, इथलं ऊन नुसतं भाजतं. ओठ फुटतात, टाचा फुटतात, दोरीवर चादर टाकून आत येऊन चहा प्यावा तर तेवढ्यात ती वाळून कडक झालेली असते. पारा चाळिशीच्या वर गेला की बाराच्या पुढे रस्ता ओस पडतो असं सगळे म्हणतात, पण मे महिन्यात रोज दुपारी त्याच रस्त्याच्या कडेला बसते म्हणून सांगते, रस्ता ओस पडत नाही. ज्यांना घरात बसणं परवडतं ते घरात जातात एवढंच. बाकीचे असतातच, हातगाडीवाले, भंगारवाले, कचरा वेचणाऱ्या बायका, पाठीवर ती मोठी चौकोनी बॅग घेऊन फिरणारी डिलिव्हरीची पोरं, पाथर्डी-जामखेडच्या एसटीतून उतरून दवाखान्याचा पत्ता विचारत निघालेली माणसं, हातात रिपोर्टची पिशवी, काखेत पोर.

आमच्या चर्चच्या कंपाऊंडला लागून कडुनिंबाचं मोठं झाड आहे, त्याच्या सावलीत आमची पाणपोई असते. रस्ता स्टँडकडे जाणारा, त्यामुळे वर्दळ भरपूर. ही काही मी सुरू केलेली नाही, आमच्या आधीच्या लोकांनी सुरू केली, तेव्हा एकच रांजण होता आणि चर्चमधले एक वयस्कर काका स्वतः विहिरीचं पाणी शेंदून भरायचे. ते काका गेले, विहीर आटली, मग मध्ये काही वर्षं पाणपोई बंदच पडली होती आणि आता महिला मंडळ आणि तरुण संघ मिळून चालवतो. मी शाळेत शिकवते, मे महिन्यात सुट्टी, म्हणून बारा ते चारची पाळी मी मागून घेतली.

मागून घेतली असं मुद्दाम लिहितेय कारण या पोस्टमध्ये मला मुख्य हेच बोलायचंय. पाणपोईचं उद्घाटन करायला माणसं मिळतात हो, पाडव्याच्या आसपास गावभर पाणपोया लागतात, फ्लेक्स लागतो, नारळ फुटतो, फोटो निघतो, आणि ते सुरू करणारे काही वाईट मनाने करत नाहीत, चांगलंच काम आहे. पण मेच्या दुसऱ्या आठवड्यात जाऊन बघा. जेव्हा खरी होरपळ असते तेव्हा निम्मे माठ कोरडे, एखाद्यात तळाला शेवाळं, ग्लास गायब. सुरुवात करणं सोपं आहे, रोज भरणं अवघड आहे. आणि रोज भरणं म्हणजे नुसतं पाणी ओतणं नाही.

सांगते कसं असतं ते. आमच्याकडे दोन रांजण आणि तोटी बसवलेले चार माठ आहेत. नवीन माठ आणला की लगेच लावायचा नसतो, आधी भरून ठेवायचा, ते पाणी झाडाला घालायचं, परत भरायचा, असं तीन-चार दिवस केलं की मातीचा उग्र वास जातो. आत साबण अजिबात लावायचा नाही, माती साबण पिते आणि मग पाण्याला महिनाभर चव येते, नुसत्या काथ्याने आणि मिठाने घासायचं. खाली वाळूचा थर, वाळू ओली ठेवायची, रांजणाभोवती गोणपाट, त्यावर दर तासा-दीड तासाने पाणी शिंपडायचं. माठाच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर येऊन वाफ होतं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, हे मी सातवीच्या वर्गाला दर वर्षी फळ्यावर शिकवते, पण त्यात एक गंमत आहे की हवा जितकी कोरडी तितका माठ जास्त गार करतो. म्हणजे आमच्या नगरच्या ज्या हवेने माणूस हैराण होतो त्याच हवेने पाणी गार होतं. मला यात देवाची करणी दिसते, मी तसंच म्हणणार. मध्ये एका भल्या माणसाने मोठा स्टीलचा कूलर द्यायची तयारी दाखवली होती, आम्ही नम्रपणे नको म्हटलं, कारण दुपारी लाईट जाते नेमकं तेव्हाच गार पाणी हवं असतं, आणि माठाला लाईट लागत नाही.

पाणी हा स्वतंत्र विषय आहे. शहराला मुळा धरणाचं पाणी येतं पण रोज येत नाही, त्यामुळे नळाच्या दिवशी टाकी भरून ठेवायची आणि कमी पडलं तर जार मागवायचे. टाकीतलं पाणी आम्ही आधी गाळतो, तुरटी फिरवतो, वर क्लोरीनच्या गोळ्या टाकतो, कारण पाणपोईचं पाणी पिऊन कुणाला जुलाब झाले तर त्याहून मोठं पाप नाही. ओगराळं लांब दांड्याचं, आत हात बुडवायचा नाही, यावर आमच्या अध्यक्ष मावशी इतक्या कडक आहेत की पाळक साहेबांना सुद्धा एकदा त्यांनी सगळ्यांसमोर थांबवलं होतं. मला त्या मावशींचं फार कौतुक वाटतं, बीपीची गोळी घेऊन सकाळी सहाला हजर असतात, ग्लास एकेक करून घासतात, उन्हात पालथे घालतात, आणि कुणी मोठ्याने आभार मानले तर सरळ आत निघून जातात.

आमच्याकडे गुड फ्रायडेची उपासना दुपारी बारा ते तीन असते, बऱ्याच चर्चमध्ये अशीच असते, प्रभू येशू वधस्तंभावर ज्या वेळी होता तीच वेळ. वधस्तंभावरून त्याने काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. गुड फ्रायडे मार्च-एप्रिलमध्ये मागेपुढे होतो, २०२५ ला तर १८ एप्रिलला आला होता, म्हणजे ऐन तापलेल्या दिवसांत, वर पत्रे, पंखे फिरताहेत पण उपयोग काही नाही, पांढरे कपडे घातलेली माणसं खचाखच बसलेली, म्हाताऱ्या बायका पदराने वारा घेताहेत, आणि बरेच जण उपाशी. अशात पाचवा उद्गार येतो, "मला तहान लागली आहे." लहानपणापासून ऐकतेय पण मे महिन्यात पाणपोईवर बसायला लागल्यापासून हा उद्गार मला वेगळा लागतो. बाकीचे उद्गार मोठे आहेत, क्षमेचे आहेत, आईला शिष्याच्या हवाली करण्याचे आहेत, पण हा एकच असा आहे की ज्यात देवाचा पुत्र साध्या अंगाचं मागणं मागतो. घसा कोरडा पडलाय, पाणी द्या. यावर फार मोठं प्रवचन करायची गरजच नसते असं मला वाटतं, त्या उकाड्यात बसलेल्या प्रत्येकाला ते अंगावर कळत असतं.

आणि योहानाच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात ती विहिरीवरची गोष्ट आहे ना, शोमरोनी बाईची, ती पण दुपारचीच आहे. सहावा तास म्हणजे दुपारचे बारा. बाकी बाया सकाळी-संध्याकाळी पाणी भरून जातात, ही एकटी भर उन्हात येते, का येते ते बायकांना सांगावं लागत नाही. आणि तिथे प्रवासाने थकलेला येशू बसलाय आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. ती पहिलं काय म्हणते, तुम्ही यहूदी, मी शोमरोनी बाई, माझ्याकडे पाणी कसं मागता? कारण त्यांच्यात एकमेकांच्या भांड्याला शिवायची पद्धत नव्हती. हे वाक्य ज्यू लोकांच्या इतिहासात वाचून सोडून देण्यासारखं आमच्या घरात तरी नाही.

माझ्या सासूबाई नेवासा तालुक्यातल्या. त्या ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकायला कमी येतं पण जुनं सगळं लख्ख आठवतं. एकदा मी दुपारची घरी आले, सांगत होते की आज फार गर्दी होती म्हणून आमच्यातल्या एका मुलाने ग्लास बाजूला ठेवून सरळ ओगराळ्याने लोकांच्या ओंजळीत पाणी ओतायला सुरुवात केली, पटापट आटपलं. त्या एकदम म्हणाल्या, "अगं, वरून नको ओतू देऊस कुणाला." मी म्हटलं, "आई, गर्दी होती हो, वेळ वाचतो." तर त्या म्हणाल्या, "वाचू दे नाहीतर जाऊ दे. माझा बाप विहिरीपाशी तासन्‌तास उभा राहायचा, कुणी तरी येऊन वरून ओतेल म्हणून. ओंजळ तोंडाला लावून प्यायचा. पाठीवर पाणी सांडायचं, लोक हसायचे. ग्लास द्या माणसाच्या हातात."

मला पुढे काही बोलताच आलं नाही. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेली बरीचशी घरं त्याच गावकुसाबाहेरच्या वस्त्यांमधून आलेली आहेत, अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ ला आलं, शाळा काढल्या, दवाखाने काढले, पुस्तकात हे सगळं असतं, पण घोटभर पाण्यासाठी ताटकळत उभं राहिलेला एक माणूस माझ्या नवऱ्याचा आजोबा होता हे पुस्तकात नसतं. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीने प्यायलं तेही उन्हाळ्याच्या तोंडावरच. ते तहानेने नव्हते गेले तिथे, माणूस म्हणून पाण्याला हात लावायला गेले होते. पाणी देणं आणि पाणी कसं देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आमच्या आधीच्या पिढ्यांना चांगलं माहीत होतं.

तेव्हापासून पाणपोईवर नियम आहे. कितीही गर्दी असो, ग्लास भरायचा आणि हातात द्यायचा. कुणाला स्वतःच्या हाताने तोटीतून घ्यायचं असेल तर घेऊ द्यायचं. साखळीला बांधलेले ग्लास आम्ही काढून टाकले, ग्लास जातात थोडेफार, जाऊ देत. कचरा वेचणाऱ्या ताया आधी लांबच उभ्या राहायच्या, बाटली पुढे करायच्या, "यात ओता ताई" म्हणायच्या, ग्लासला हात लावायच्या नाहीत. आता बाकावर बसतात, दोन ग्लास पितात, मग बाटली भरून घेतात. त्यातल्या एकीने मागच्या आठवड्यात मला सांगितलं की ताई तुमच्या उजव्या माठाची तोटी गळतीय, वायसर बदला. आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच भंगारातून एक चांगला वायसर शोधून घेऊन आली आणि बसवून दिला. मला त्या दिवशी जितका आनंद झाला तितका इस्टरला पण कधी झाला नसेल, खरंच.

पाण्याबरोबर पत्रिका वाटायच्या का यावर आमच्याकडे मीटिंग झाली होती, ते पण लिहिते कारण बाहेरच्या लोकांना वाटतं की चर्चचं काम म्हणजे त्यामागे काहीतरी असणारच. काहींचं म्हणणं होतं की आपण शुभवर्तमान सांगायला लाजायचं का? मुद्दा खोटा नाही. मी पण लाजत नाही, मला कुणी विचारलं की हे का करता तर मी सरळ सांगते की येशूने सांगितलंय, मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तो राजा म्हणतो की मी तहानेला होतो तेव्हा तुम्ही मला पाणी दिलं, म्हणून करतो. पण तहानलेल्या माणसाच्या एका हातात ग्लास आणि दुसऱ्या हातात कागद द्यायचा हे मला पटत नाही. तो माणूस त्या क्षणी नाही म्हणूच शकत नाही ना! ज्याला नाही म्हणायची सोय नाही त्याला काही सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. आणि ज्या गोष्टीत लोक नीतिमान ठरले त्या गोष्टीत त्यांना माहीतच नव्हतं की आपण कुणाला पाणी दिलं, "प्रभू, आम्ही तुला कधी तहानेला पाहिलं?" असं ते विचारतात. पाळक साहेबांनी शेवटी हेच वचन वाचलं आणि विषय संपला. बोर्डावर फक्त "गार पाणी, या बसा" एवढंच लिहिलंय. शेजारच्या दर्ग्याजवळचे एक चाचा रमजानमध्ये स्वतःचा रोजा असताना दुपारी आमच्याकडे जार पोचवून जायचे, स्वतः घोट न घेता. असं काही बघितलं की मला प्रार्थनेत वेगळे शब्द सुचत नाहीत, नुसतं थँक्यू म्हणते देवाला.

आता थोडं कामाचं, कारण उन्हाळा अजून आहे आणि हे सगळ्यांना माहीत असावं. ऊन लागणं हे हसण्यावारी न्यायचं काम नाही. खारघरला २०२३ च्या एप्रिलमध्ये उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात १४ माणसं गेली ती काही वाळवंटात नव्हती गेली, मुंबईच्या शेजारी गेली. त्यानंतर आमच्या चर्चने मे महिन्यातलं मुलांचं व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) सकाळी सात ते साडेनऊ करून टाकलं, आधी ते अकरा-साडेअकरापर्यंत चालायचं आणि शेवटी मैदानावर खेळ असायचे. काही पालकांनी कुरकुर केली की इतक्या लवकर मुलं उठत नाहीत, पण उठतात, सुट्टीतली मुलं खेळायला पहाटे पण उठतात.

पाणपोईजवळ आम्ही साखर-मीठ ठेवतो. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, बस. याहून मीठ जास्त टाकू नका, बऱ्याच जणी मूठभर टाकतात आणि ते उलट त्रासाचं ठरतं. या साध्या पाण्याने किती जीव वाचलेत ते वाचा कधी, १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी ड्रममध्ये कालवून नातेवाइकांच्या हातानेच पेशंटना पाजायला लावलं आणि मृत्यूचं प्रमाण एकदम खाली आलं. किती मोठी गोष्ट, आणि किती साधी.

मेच्या सुरुवातीला एक हमाल मामा आमच्या बाकाजवळच कोसळले. अंग तव्यासारखं तापलेलं, घाम बंद, काहीतरी असंबद्ध बोलत होते. अशा वेळी पहिली चूक सगळे हीच करतात की तोंडात पाणी ओततात. शुद्ध हरपत असलेल्या माणसाला पाणी पाजायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. आमच्यातली एक मुलगी नर्सिंग करते, तिने आम्हाला आधीच शिकवून ठेवलं होतं म्हणून हात चालले. सावलीत घेतलं, सदरा काढला, रांजणाचं गोणपाटच ओढून अंगावर टाकलं, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी, दोघांनी पुठ्ठ्याने वारा घातला आणि १०८ ला फोन. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पाणी मारतच राहिलो. मामा वाचले. आठवड्याने परत आले, बाकावर बसले, पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "बाई, त्या दिवशीचं मला काय बी आठवत नाय, पण कुणीतरी लई वारा घालत होतं." मी सांगितलं नाही कोण ते. तो मुलगा लाजाळू आहे, त्याला आवडलं नसतं.

पाणपोईशिवाय आमचं दुसरं काम डब्यांचं. चर्चमध्ये अशी बरीच म्हातारी माणसं आहेत ज्यांची मुलं पुण्याला, मुंबईला किंवा आखातात, घरात एकटीच. एरवी त्यांचं चालतं, पण उन्हाळ्यात गॅससमोर उभं राहवत नाही मग चहा-बिस्किटावर दिवस काढतात आणि कुणाला सांगत नाहीत. आम्ही आठ-दहा घरी दुपारचा डबा देतो. उन्हाळ्यात डब्यात काय द्यायचं हा विचार करावा लागतो, नारळ-दाण्याचं वाटण संध्याकाळपर्यंत आंबतं, म्हणून मुगाची पातळ डाळ, भात, दुधीची भाजी, ताक वेगळ्या बाटलीत, कधी कैरीचं पन्हं. रविवारी मात्र एक आजोबा स्पष्ट सांगतात, "मुगाची डाळ आज नको, मटणाचा रस्सा पाहिजे," आणि त्यांना मिळतो. डबा देताना मी पाच मिनिटं बसतेच. बसायला सांगतातच ते. एक आजी माझ्याकडून रोज एक स्तोत्र वाचून घेतात, त्यांचे डोळे गेलेत, बहुतेक वेळा तेविसावंच सांगतात, संथ पाण्याजवळ नेतो तेच, आणि माझं वाचून संपायच्या आधी त्या स्वतःच पुढचं म्हणून टाकतात. डब्यापेक्षा त्यांना ते हवं असतं हे मला कळतं, पण डबा पण हवा असतो, दोन्ही हवं असतं. नुसती प्रार्थना करून उपाशी म्हाताऱ्या माणसाच्या घरातून बाहेर पडायचं नाही हे याकोबाने आपल्या पत्रात चक्क लिहून ठेवलंय.

हे करताना एक प्रश्न माझ्या मनात सतत असतो, की आपण ग्लास भरतोय ते ठीक, पण पाणीच नसेल तर? माझ्या शाळेतली मुलं पाथर्डी, शेवगाव, पारनेर भागातून आलेली, त्यांच्या गावाला एप्रिलपासून टँकर. ऊसतोडीवरून परत निघालेले ट्रॅक्टर आमच्या रस्त्याने जातात, सगळा संसार वर बांधलेला, भांडी, कोंबड्या, पोरं, ते थांबतात पाण्याला, आणि ते ज्या गावाला परत चाललेत तिथे पाणी नाही म्हणून तर ते ऊस तोडायला गेले होते.

यावर आमच्या जिल्ह्यात ज्यांनी खरं काम केलं त्यांच्यातलं एक नाव बाहेर फार जणांना माहीत नाही. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार सगळ्यांना माहीत आहे, आणि असायलाच पाहिजे. पण फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू, १९४८ साली भारतात आले, आणि आयुष्याचा मोठा काळ त्यांनी आमच्या नगर जिल्ह्यात दुष्काळी गावांमध्ये घालवला. गावातले लोक त्यांना बाखर बाबा म्हणायचे. त्यांच्या लक्षात आलं की दुष्काळात धान्य वाटून, विहिरी खोदून भागत नाही, डोंगरावरचं पाणी वाहून जातंय आणि सोबत माती नेतंय तोवर विहिरीला पाणी येणार कुठून? मग माथा ते पायथा काम, सलग समतल चर, बांध, झाडं, आणि लोकांनी स्वतः श्रमदान करायचं, चराईबंदी पाळायची, तरच काम. १९९३ ला फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत त्यांनी 'वॉटर' (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही पाणलोटाचं काम करणारी संस्था उभी केली. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे त्यांच्यातलं गाजलेलं गाव, १९९६ च्या सुमारास तिथे काम सुरू झालं, तोपर्यंत उन्हाळा म्हणजे टँकर. पळणाऱ्या पाण्याला चालायला लावायचं, चालणाऱ्याला थांबवायचं आणि थांबलेल्याला जिरवायचं, पाणलोटवाले म्हणतात ना तसं. बाखर बाबा २०२१ ला गेले. त्यांनी कुणाला प्रवचन दिल्याचं नाही आठवत लोकांना, त्यांचं उन्हात डोंगर चढणं आठवतं.

आणि पंडिता रमाबाई. त्यांचं केडगाव आमच्या नगरजवळचं नव्हे, दौंडजवळचं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी, बेवारस मुली घेऊन आल्या, शेकडोंनी, कुठे ठेवायचं ते ठरलेलं नसताना. केडगावच्या माळावर आधी विहिरी खोदल्या. महिला मंडळात आम्ही दर वर्षी एकदा त्यांच्याबद्दल वाचन ठेवतो आणि दर वर्षी मला तेच जाणवतं की ही बाई आधी प्रार्थना करायची आणि मग लगेच हिशोबाला बसायची. किती धान्य, किती पाणी, किती माणसं.

म्हणून यंदा आमच्या तरुण संघाच्या पोरांनी हट्ट धरलाय की चर्चच्या छताचं पाणी जुन्या आटलेल्या विहिरीत सोडायचं. पन्हाळी जुन्या आहेत, बदलाव्या लागतील, मध्ये वाळू-खडीची गाळण टाकी बांधावी लागेल, पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर काढायला वेगळा पाइप लागेल. विहिरीतला कचरा आणि गाळ काढायचं काम त्यांनी सुरू पण केलंय, पहाटे पाच ते आठ. काल खाली उतरलेल्या मुलाला गाळात एक जुनं पितळी पोहऱ्याचं बूड सापडलं, ते पाणी शेंदणाऱ्या काकांचंच असणार असं सासूबाईंनी पाहिल्यापाहिल्या सांगितलं, कडीवरून ओळखलं म्हणाल्या. कमिटीत पैशांवरून चर्चा चालू आहे. इस्टरआधीच्या उपवासकाळात लोकांनी चहा, मटण, सिनेमा सोडून जे पैसे बाजूला टाकले होते ते यासाठी वापरावेत असं माझं मत मी मांडलंय आणि बहुतेकांना ते मान्य होईल असं दिसतंय.

पाऊस येईपर्यंत पाणपोई चालणार. सकाळच्या पाळीला माणसं भरपूर आहेत, संध्याकाळी पण आहेत, बारा ते चारला मात्र शाळा उघडल्यावर मी नसणार आणि पाऊस काही शाळा उघडायचा मुहूर्त बघून येत नाही, तो लांबला तर ते आठ-दहा दिवस अडचणीचे आहेत. नगरमधलं कुणी वाचत असेल आणि दुपारचे दोन तास जरी मोकळे असतील तर या. चर्चमध्ये येताय की नाही याचा काही संबंध नाही. टोपी आणा, पंचा आणा, स्वतःसाठी डबा आणा, पाणी आणू नका. आणि कुणाकडे जुने स्टीलचे ग्लास पडून असतील तर तेही द्या, मागच्या आठवड्यात पुन्हा सहा-सात कमी झालेत.